सहा ठिपक्यांचा हक्क

आमच्या गल्लीत दोन घरं सोडून एक मुलगी राहते. जन्मापासून तिला दिसत नाही. पण जिद्द अशी, की बारावीला छान मार्क मिळवले आणि आता इतिहास घेऊन बी.ए.ला आहे. कॉलेज सुरू झालं तशी तिची आई माझ्याकडे आली. सरांनी सांगितलेलं पुस्तक ब्रेलमध्ये कुठंच मिळत नव्हतं. ते वाचून मोबाइलमध्ये भरून द्याल का, असं ती संकोचत विचारत होती. मी लगेच हो म्हटलं. दुपारची कामं आवरली की तासभर वाचायचं, त्यात काय एवढं!

पुस्तक उघडलं आणि पहिल्याच पानावर अडखळले. सर्व हक्क स्वाधीन, लेखी परवानगीशिवाय कोणत्याही स्वरूपात नक्कल करू नये, वगैरे वगैरे. आजवर इतकी पुस्तकं वाचली, पण ते पान म्हणून कधी वाचलंच नव्हतं. तेवढ्यात धाकटे दीर आले. कॉपीराइटचा कायदा फार कडक असतो, वहिनी, उगाच भानगडीत पडू नका, असं बजावून गेले. झालं! दोन दिवस पुस्तक टेबलावर तसंच पडून. तिची आई समोरून आली की मी नजर चुकवायची.

मन लागेना, म्हणून त्या दोन दिवसांत मी लुई ब्रेलचं चरित्र वाचायला घेतलं. ब्रेल हे लिपीचं नाव म्हणून आपल्याला ठाऊक असतं. पण त्या नावामागे एक मुलगा होता, त्याला आईबाप होते, त्याची खोकल्यानं भरलेली छाती होती, हे कुठं माहीत असतं?

लुईचा जन्म ४ जानेवारी १८०९चा. फ्रान्समध्ये पॅरिसच्या पूर्वेला कूव्रे नावाचं लहानसं गाव आहे, तिथला. वडील सिमॉन घोड्यांचे खोगीर आणि चामड्याचे पट्टे बनवायचे. आई मोनिक. चार भावंडांत हा शेंडेफळ. तीन वर्षांचं पोर वडिलांच्या कामाच्या खोलीत घुसलं आणि चामड्याला भोक पाडायची आरी हातात घेऊन खेळू लागलं. आपल्याकडची पोरं नाही का विळी-कात्रीपाशी जातात, अगदी तसंच. आरी सटकली आणि डोळ्यात शिरली. जखम चिघळली, संसर्ग दुसऱ्या डोळ्यातही गेला. पाच वर्षांचा होईतो लुईला दोन्ही डोळ्यांनी दिसेनासं झालं. त्या माउलीचं काय झालं असेल, याचा विचार केला तरी पोटात कालवतं. क्षणभर नजर हटली आणि जन्माचं होऊन बसलं.

पण या आईबापांनी पोराला कोपऱ्यात बसवून ठेवलं नाही. वडिलांनी काठी करून दिली, ती टेकत तो गावभर फिरायचा. गावच्या धर्मगुरूंनी शिकवलं, गावच्या शाळेत इतर मुलांबरोबर बसवलं. तो ऐकून ऐकून पुढे गेला. १८१९मध्ये, दहा वर्षांचा असताना, त्याला पॅरिसच्या अंध मुलांच्या शाळेत धाडलं. व्हॅलेन्टिन हाउई यांनी १७८५मध्ये सुरू केलेली ही शाळा.

तिथं पुस्तकं होती, पण कशी? नेहमीचीच अक्षरं मोठी करून कागदावर उठवलेली. एकेका अक्षरावरून बोट फिरवत ते ओळखायचं. वाक्याच्या शेवटाला येईपर्यंत सुरुवात विसरायची वेळ. पुस्तकं जाडजूड, महागडी, आणि सगळी मिळून मोजकीच. शिवाय असलं काही मुलांना स्वतःच्या हातानं लिहिता येणं अवघडच. म्हणजे वाचणं जेमतेम आणि लिहिणं नाहीच. डोळस माणसांनी आपल्या सोयीचं अक्षर घेतलं आणि ते मुलांच्या बोटांखाली सरकवलं, असा तो प्रकार.

१८२१च्या सुमारास चार्ल्स बार्बिए नावाच्या, लष्करात राहिलेल्या माणसाची ठिपक्यांची लिपी त्या शाळेत आली. बारा ठिपके, सहा-सहाच्या दोन उभ्या ओळी. लुईच्या बोटांना लगेच कळलं, की रेघेपेक्षा ठिपका चटकन लागतो. पण अडचणी होत्याच. बारा ठिपके एका बोटाच्या टोकाखाली मावत नव्हते. ती लिपी नुसत्या उच्चारांवर चाले, त्यात शुद्धलेखन नाही, विरामचिन्हं नाहीत. लुई रात्री आणि सुट्टीत बसून ठिपके टोचत राहिला. १८२४मध्ये, पंधराव्या वर्षी, त्यानं बाराचे सहा केले. आपण रांगोळीला ठिपके काढतो ना, तसे दोन ओळींत तीन-तीन. एवढ्यातून ६३ वेगवेगळ्या खुणा तयार होतात. अक्षरं, विरामचिन्हं, आकडे, संगीताचे सूरसुद्धा त्यात बसतात. आणि बोट हलवायची गरज नाही, एका स्पर्शात एक अक्षर! ठिपके उठवायला जे टोकदार हत्यार लागतं, ते वडिलांच्या त्या आरीचंच भावंड. ज्यानं डोळे नेले, तसल्याच हत्यारानं त्यानं शेकडो जणांना वाचायला दिलं.

१८२९मध्ये त्यानं आपली पद्धत पुस्तकरूपात छापली. वय वर्षं वीस. मला सगळ्यात आवडलं ते असं, की त्या पुस्तकात त्यानं बार्बिएचे ऋण मोकळेपणानं मान्य केले. मूळ कल्पना दुसऱ्याची, तिच्यावर आपण काम केलं, हे लपवलं नाही. दुसऱ्याचं घ्यावं, पण त्याचं नाव घेऊन घ्यावं, हा शहाणपणा त्या वयात होता.

पुढे तो त्याच शाळेत शिक्षक झाला. इतिहास, भूमिती, बीजगणित शिकवायचा. चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. डोळस माणसाला वाचता येईल असं पत्र अंध माणसाला स्वतः लिहिता यावं, म्हणून १८३९मध्ये त्यानं आणखी एक पद्धत शोधली. गावी आईला पत्र पाठवायचं तर तिसऱ्याकडून लिहून घ्यावं लागू नये... मला तरी त्यात मुलाचं मन दिसलं.

पण एवढं होऊनही शाळेनं ती लिपी स्वीकारली का? नाही! १८४०मध्ये नवे संचालक आले, त्यांना ठिपके पसंत नव्हते. अंध मुलांची लिपी डोळसांपेक्षा वेगळी का असावी, असा विचार. उठावाची अक्षरं पुन्हा आली. पण मुलं ऐकतात होय? ती आपली गुपचूप ठिपके टोचत राहिली. अखेर १८४४मध्ये शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्घाटनाला लोकांसमोर या लिपीचं प्रात्यक्षिक झालं आणि विरोध मावळू लागला.

तोवर लुईची छाती पोखरली गेली होती. ऐन तारुण्यात जडलेला क्षय. वाढदिवसानंतर दोनच दिवसांनी, ६ जानेवारी १८५२ रोजी तो गेला. वय अवघं ४३. शाळेनं त्याच्या लिपीला अधिकृत मान्यता दिली १८५४मध्ये. म्हणजे दोन वर्षांनी. शंभर वर्षांनी, १९५२मध्ये, देशानं त्याचे अवशेष पॅरिसच्या पँथिऑनमध्ये मानानं नेले. कूव्रेच्या लोकांनी मात्र त्याचे हात गावातच ठेवून घेतले.

पुस्तक मिटलं आणि मला माझी अडचण आठवली. लुईनं लिपी दिली, तीच पुढे आपल्या भारती ब्रेलमध्येही आली, मराठी त्यात वाचता येतं. पण लिपी असून काय उपयोग, पुस्तकच तिच्यात उतरवू दिलं नाही तर? लुईच्या वेळी संचालक आडवे आले, नंतर आडवं आलं ते पुस्तकाचं पहिलं पान. लेखकाचा हक्क खरा आहे हो. त्यानं रात्री जागवल्या, त्याचं पोट त्यावर. आपल्या देशात लेखकाच्या हयातीत आणि नंतर ६० वर्षं तो हक्क राहतो. पण त्याच हक्कामुळे ब्रेल प्रत काढायलाही परवानगी मागत बसावं लागायचं. आणि एका देशात काढलेली प्रत दुसऱ्या देशातल्या अंध वाचकाला पाठवता येत नसे. स्पेनच्या ग्रंथालयात स्पॅनिश पुस्तकं तयार, आणि तीच भाषा बोलणाऱ्या दक्षिण अमेरिकेतल्या वाचकांना मिळेनात!

मग मी वकिलीण मैत्रिणीला फोन लावला. तिनं सांगितलं ते तुम्हीही लक्षात ठेवा. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यात २०१२मध्ये दुरुस्ती झाली. अपंगत्वामुळे छापील पुस्तक वाचता येत नसेल, तर अशा व्यक्तीसाठी ते ब्रेलमध्ये, आवाजात किंवा मोठ्या अक्षरांत करून देता येतं. तिच्या खासगी वापरासाठी, शिक्षणासाठी, संशोधनासाठी. तुम्ही-आम्ही कुणीही करू शकतो, परवानगी लागत नाही. संस्थांनी मात्र त्यावर नफा घ्यायचा नाही, फक्त आलेला खर्च घ्यायचा, आणि ती प्रत बाजारात जाणार नाही याची काळजी घ्यायची.

जगाच्या पातळीवरही हे झालं. २७ जून २०१३ रोजी मोरोक्कोच्या माराकेश शहरात देशांनी करार केला. अशा प्रती करायला कायद्यात वाट ठेवायची आणि एका देशातून दुसऱ्या देशात त्या पाठवू द्यायच्या. २०१४मध्ये या करारावर सर्वांत आधी शिक्कामोर्तब करणारा देश कोणता, ठाऊक आहे? आपला भारत! वीस देश झाल्यावर ३० सप्टेंबर २०१६पासून करार लागू झाला. लुईचा फ्रान्स ज्यात आहे, त्या युरोपीय संघानं त्याला मंजुरी दिली ती २०१८मध्ये.

त्याच दुपारी मी पंखा बंद केला, कुकरची शिट्टी होऊन गेल्यावर दार लोटलं आणि पहिलं प्रकरण वाचायला बसले. सुरुवातीला लेखकाचं नाव, प्रकाशकाचं नाव नीट वाचलं. लुईनं बार्बिएचं घेतलं तसं. फाइल फक्त त्या मुलीला दिली. महिला मंडळाच्या ग्रुपवर टाक ना, असं एकदोघींनी सुचवलं, त्यांना नाही म्हटलं. ही सवलत तिची आहे, आपली नाही. आपल्याला दिसतं, आपण पुस्तक विकत घ्यावं किंवा वाचनालयातून आणावं.

आता सहा प्रकरणं झाली. परवा ती मुलगी काठी टेकत स्वतःच घरी आली. तिसऱ्या प्रकरणात मी एक सन चुकीचा वाचला होता, तो तिनं पकडला! पुढच्या वाक्यांशी जुळत नाही म्हणाली. मी पान काढून बघितलं, खरंच चुकला होता. तेवढा भाग पुन्हा वाचून दिला. दीर तिथंच चहा घेत बसले होते. जाताना विचारत होते, इंग्रजीचा एखादा पेपर असेल तर तो मी वाचून देऊ का, वहिनी? म्हटलं, द्या की!