तिजोरीची किल्ली आणि रोह्याची गाडी

दरवर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेस केंद्राचा अर्थसंकल्प लोकसभेत मांडला जातो आणि त्या सायंकाळी देशातील प्रत्येक गाव आपापल्या परीने एकच प्रश्न विचारते : आमच्या पदरात काय पडले ? कल्याणजवळच्या मोहने गावात तर हा प्रश्न निव्वळ कुतूहलाचा नव्हे, तो चुलीशी निगडित आहे. ज्या रेयॉनच्या कारखान्यावर या गावाचा संसार उभा होता, तो २००९ साली बंद पडला. कारखाना गेल्यावर लोकांची दृष्टी सरकारकडे आणि सरकारदरबारी आपण धाडलेल्या प्रतिनिधीकडे वळावी, यात अस्वाभाविक असे काही नाही. परंतु त्यातून प्रतिनिधीची किंमत करण्याचे एक सोपे माप रूढ झाले आहे. त्याने दिल्लीहून किती कोटी आणले, एवढेच आता विचारले जाते. हे माप खरे आहे काय, याचा विचार करावयाचा तर चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांच्या चरित्राइतके चांगले साधन दुसरे सापडणार नाही. कारण देशमुख हे शेजारच्या कुलाबा जिल्ह्याचे लोकसभेतील प्रतिनिधी होते आणि त्याच वेळी देशाच्या तिजोरीची किल्लीही त्यांच्याच कमरेला होती.

देशमुखांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी रायगडाच्या परिसरातील नाते या गावी झाला. घराणे रोह्याचे, वडील वकील. कोकणातील लहान गावांच्या शाळांतून निघालेला हा मुलगा १९१२ साली मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिक परीक्षेत पहिला आला आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्याने मिळविली. केंब्रिज येथे त्यांनी वनस्पतिशास्त्राचा अभ्यास केला आणि १९१८ साली इंडियन सिव्हिल सर्व्हिसच्या परीक्षेत पहिला क्रमांक पटकाविला. पुढची वीस वर्षे मध्यप्रांत व वऱ्हाडात गेली. जमाबंदी, महसूल आणि अर्थखाते यांत त्यांनी प्रांतांच्या पैशाचा व्यवहार तळापासून पाहिला. एका जिल्ह्याच्या पुलासाठी दिलेला रुपया हा दुसऱ्या जिल्ह्याच्या दवाखान्यातून काढून घेतलेला रुपया असतो, हे ज्ञान पुस्तकातून मिळत नाही. ते अशाच दप्तरांतून मिळते.

१९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले आणि ऑगस्ट १९४३ मध्ये तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत हिंदुस्थानच्या शिष्टमंडळात ते होते. फाळणीच्या वेळी दोन देशांत चलन व शिल्लक वाटून देण्याचे अवघड काम त्यांच्याच कारकिर्दीत पार पडले आणि १ जानेवारी १९४९ रोजी खासगी भागधारकांची ही बँक राष्ट्राच्या मालकीची झाली, तेव्हाही गव्हर्नर तेच होते.

त्यानंतर त्यांच्या हाती आलेले एक काम आज फारसे कोणाच्या स्मरणात नाही, पण आमच्या विषयाच्या दृष्टीने ते सर्वांत महत्त्वाचे आहे. प्राप्तिकर केंद्र गोळा करते आणि त्यातला ठराविक हिस्सा प्रांतांना मिळतो. १९३६ च्या नीमायर निवाड्याने हे हिस्से ठरविले होते. त्यात मुंबई व बंगाल यांना प्रत्येकी २० टक्के मिळत. फाळणीने सिंध आणि वायव्य सरहद्द प्रांत पूर्णतः गेले, बंगाल व पंजाब अर्धेमुर्धे राहिले आणि मोकळ्या झालेल्या हिश्शावर सर्वांनीच हक्क सांगितला. लवाद म्हणून देशमुखांची निवड झाली. १९५० च्या प्रारंभी त्यांनी दिलेल्या निवाड्यात मुंबईला २१, उत्तर प्रदेशाला १८, मद्रासला १७.५, पश्चिम बंगालला १३.५ आणि बिहारला १२.५ टक्के वाटा मिळाला. सर्वाधिक कर आमच्याकडे वसूल होतो, तेव्हा वाटाही त्या मानाने मिळावा, असे मुंबईचे म्हणणे होते. मुंबई राज्याच्याच एका पुत्राने निवाडा दिला, तथापि मुंबईच्या पदरात नीमायरच्या आकड्यापेक्षा एकच टक्का अधिक पडला.

जून १९५० मध्ये देशमुख अर्थमंत्री झाले. १९५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कुलाब्याने त्यांना लोकसभेवर पाठविले. आता मतदारसंघ आणि तिजोरी एकाच व्यक्तीच्या हाती आली. हा योग किती विरळा असतो, हे ध्यानी येण्यास आपल्या घटनेतील एक तरतूद समजून घ्यावी लागेल. अमेरिकेच्या काँग्रेसमधील सभासद खर्चाच्या विधेयकात आपल्या गावच्या पुलासाठी वा बंदरासाठी स्वतंत्र कलम घालून घेऊ शकतो. तेथे ही प्रथा इतकी फोफावली की २०११ मध्ये ती बंद करावी लागली आणि २०२१ मध्ये नवे नियम घालून पुन्हा सुरू करण्यात आली. आपल्याकडे तसे नाही. घटनेच्या ११३ व्या कलमानुसार राष्ट्रपतींच्या शिफारशीशिवाय खर्चाची मागणी मांडताच येत नाही. सामान्य सभासद कपातीची सूचना आणू शकतो, म्हणजे रक्कम कमी करा असे म्हणू शकतो. एक रुपया वाढवा, असे म्हणण्याचा अधिकार त्यास नाही. वाढविण्याचा अधिकार मंत्रिमंडळाचा, आणि मंत्रिमंडळातही अखेरचा शब्द अर्थखात्याचा. तेव्हा आपल्या जिल्ह्याचे भले करण्याची सर्वाधिक शक्ती ज्याच्या हाती होती, असा खासदार त्या वेळी देशात एकच होता आणि तो कुलाब्याचा होता.

या शक्तीचा देशमुखांनी काय उपयोग केला ? त्यांच्या नावाची पाटी लावावी असा एकही मोठा केंद्रीय प्रकल्प त्या सहा वर्षांत कुलाब्यात उभा राहिला नाही. उलट, १९५२ च्या अखेरीस क्षितीशचंद्र नियोगी यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वित्त आयोगाने लोकसंख्येला चार पंचमांश आणि वसुलीला केवळ एक पंचमांश वजन देऊन मुंबईचा हिस्सा १७.५ टक्क्यांवर आणला. नव्याने सामील झालेल्या संस्थानी राज्यांनाही या वाटपात जागा द्यावयाची होती, आणि वाटण्याची एकूण रक्कम वाढविण्यात आली होती, हे खरे. तरीही मुंबईत नाराजी होणे अपरिहार्य होते. मुंबई राज्यातून निवडून आलेल्या अर्थमंत्र्याने आयोगाच्या शिफारशी अमलात आणल्या.

याचा अर्थ त्यांना लहान गावांची आस्था नव्हती, असा मात्र नव्हे. १९५५ मध्ये इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली, तेव्हा पाच वर्षांत ४०० नव्या शाखा उघडण्याचे बंधन तिच्यावर घालण्यात आले. ज्या तालुक्याच्या गावी सावकाराखेरीज कोणी पैसा उभा करीत नव्हता, तेथे बँक पोहोचावी हा त्यामागचा हेतू. जानेवारी १९५६ मध्ये आयुर्विमा राष्ट्राच्या ताब्यात आला, त्यामागेही ग्रामीण बचतीचा असाच विचार होता. रोह्यासारख्या गावाचे हित देशमुखांनी पाहिले, पण ते अशा सर्व गावांना लागू पडणाऱ्या कायद्याच्या रूपाने पाहिले. आपल्या गावासाठी म्हणून वेगळी वाट त्यांनी काढली नाही.

येथवर हे चरित्र आदर्शवत् वाटेल. परंतु त्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण तिची किंमत कोकणातील माणसाने मोजली आहे. आज मोहन्याचा माणूस आंबिवलीस गाडीत बसून कल्याणमार्गे दिव्यास येतो आणि तेथून पनवेलवरून रोह्याची गाडी पकडतो. हा दिवा-पनवेल मार्ग १९६० नंतरच्या दशकात झाला, १९६६ मध्ये रूळ आपट्यापर्यंत गेले आणि रोह्यास गाडी पोहोचली ती १९८६ साली. देशमुखांनी अर्थखाते सोडल्यास तेव्हा तीस वर्षे झाली होती आणि त्यांच्या निधनास चार. रेल्वेचा अर्थसंकल्प त्या काळी वेगळा असे आणि तो रेल्वेमंत्री मांडीत, हे मान्य. पण रेल्वेला लागणारे भांडवल अखेर सर्वसाधारण तिजोरीतूनच येत असे. त्या तीन दशकांत कोकणातील किती तरुण बोटीने आणि एस. टी. ने मुंबई, ठाणे, कल्याणच्या गिरण्या-कारखान्यांकडे आले, त्यांच्या घरच्यांनी विचारले असेल की आपला माणूस तिजोरीवर बसला असता आपल्या वाट्याला निदान एक गाडी का आली नाही ? या प्रश्नास कृतघ्नपणा म्हणता येणार नाही. मागास भागाची मागणी ही भीक नसते.

आणि तरीही, ज्या वेळी आपल्या लोकांसाठी काही करणे देशमुखांना कर्तव्य वाटले, तेव्हा त्यांनी जे दिले ते कोणत्याही अनुदानाहून मोठे होते. १९५६ च्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्रापासून तोडून केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचा निर्णय जाहीर झाला. शहर पेटले, गोळीबारात माणसे मेली. ३ जून १९५६ रोजी पंतप्रधान नेहरूंनी तोच निर्णय मुंबईतील सभेत पुन्हा जाहीर केला. एवढा मोठा प्रश्न मंत्रिमंडळापुढे रीतसर न आणता ठरविला गेला आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशीही नाकारली गेली, हे देशमुखांना असह्य झाले. जुलै १९५६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि त्याची कारणे लोकसभेत उघडपणे मांडली. दुसरा एखादा मंत्री अशा वेळी पद राखून त्या बदल्यात आपल्या भागासाठी एखादे धरण वा कारखाना मागून घेता आणि आपण व्यवहार साधला असे समाधान मानता. देशमुखांनी असा सौदा केला नाही. त्यांनी किल्लीच परत केली. मुंबईसह महाराष्ट्र १ मे १९६० रोजी झाला. त्याचे श्रेय रस्त्यावर उतरलेल्या हजारोंचे आहे. पण या मागणीमागे केवळ भावना नसून न्याय आहे, हे दिल्लीस दाखवून देण्याचे काम त्या एका राजीनाम्याने केले.

पुढील आयुष्य त्यांनी शिक्षणाकडे वळविले. १९६१ पर्यंत ते विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्ष होते, म्हणजे पुन्हा वाटपाचेच काम. त्यानंतर दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९५३ मध्ये दुर्गाबाईंशी त्यांचा विवाह झाला होता आणि उभयतांचे सार्वजनिक कार्य अखेरपर्यंत चालू राहिले. कालिदासाचे मेघदूत त्यांनी मराठीत आणले. १९५९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार आणि १९७५ मध्ये पद्मविभूषण मिळाले. १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत ते उभे राहिले आणि पराभूत झाले. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले.

मग रोह्याच्या पलीकडची गाडी आली कशी ? त्याचे उत्तरही उद्बोधक आहे. बॅरिस्टर नाथ पै यांनी कोकण रेल्वेची मागणी लोकसभेत लावून धरली आणि १९७१ मध्ये त्यांच्या निधनानंतर मधू दंडवते यांनी ती पुढे नेली. डिसेंबर १९८९ मध्ये दंडवते अर्थमंत्री झाले, रेल्वेखाते जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडे आले आणि १९९० साली कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना झाली. म्हणजे येथे अर्थमंत्र्याच्या भूमीस लाभ झाला, यात शंका नाही. परंतु तो कसा झाला ते पाहावे. मागणी वीस-पंचवीस वर्षे भर सभागृहात तावूनसुलाखून निघाली होती. भांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५ आणि गोवा व केरळ यांचा प्रत्येकी ६ टक्के होता. उरलेला पैसा मुख्यतः रोख्यांतून उभा करण्यात आला. अर्थमंत्री बिहारचा वा तामिळनाडूचा असता तरी हा मार्ग तितकाच समर्थनीय ठरला असता.

आमच्या मते खरी कसोटी हीच होय. प्रतिनिधीने आपल्या भागासाठी मागावे, भांडावे, सभागृह दणाणून सोडावे. त्यासाठीच त्याला निवडून दिलेले असते. मात्र निर्णयाचा तराजू हाती आल्यावर त्याने असेच खर्च मंजूर करावेत, जे तो दुसऱ्या जिल्ह्याचा असता तरी त्यास मंजूर करता आले असते. देशमुखांचा तराजू या कसोटीस उतरतो. मागणीची बाजू त्या काळी कुलाब्याच्या वतीने तितक्याच जोराने मांडली गेली नाही, ही त्यातली उणीव. एकाच माणसाने वकील आणि न्यायाधीश दोन्ही व्हावे, ही अपेक्षाच मुळी चुकीची होती. त्या भागातील संस्था, वृत्तपत्रे आणि लोक यांनी वकिली करावयास हवी होती.

१९९३ पासून खासदारांना स्थानिक विकासनिधी मिळू लागला. २०११-१२ पासून तो वर्षाला पाच कोटी रुपये आहे आणि प्रत्येक खासदारास सारखाच. त्यातून बसथांबे होतात, समाजमंदिरे होतात आणि त्यांवर ठळक अक्षरांत नावे रंगविली जातात. ही कामे निरुपयोगी आहेत असे कोण म्हणेल ? पण बंद पडलेल्या कारखान्याच्या गावाला बसथांब्याने रोजगार मिळत नाही. मोहन्याने विचारावयाचा प्रश्न आपल्या खासदाराने किती पाट्या लावल्या हा नव्हे. बंद कारखान्यांच्या कामगारांची देणी, त्यांच्या जमिनीचा वापर आणि त्या गावांतील नवा रोजगार यांबद्दल देशभर लागू पडेल असा कोणता नियम त्याने सभागृहात मागितला, हा तो प्रश्न आहे. असा नियम झाला तर त्याचा लाभ मोहन्यासही मिळेल आणि ज्या गावाचा माणूस दिल्लीत कोणीच नाही, त्या गावासही मिळेल.