चुंबकसुईचा राखणदार

सौर शिडाचे यान इंधनाशिवाय, उन्हाच्या दाबावर पुढे सरकते. जपानच्या ‘इकारोस’ने २०१० साली ते करून दाखवले. शिडाची जाडी साडेसात मायक्रॉन, आकार चौदा मीटर बाजूचा चौकोन, आणि त्यावर उन्हाचा एकूण रेटा ग्रॅमच्या दहाव्या भागाएवढ्या वजनाइतका! अशा नाजूक पडद्याला मोठा धोका असतो तो पृष्ठभागावर साठणाऱ्या विद्युतभाराचा. उन्हातल्या बाजूचे इलेक्ट्रॉन उडून जातात आणि ती धनभारित होते. सावलीतल्या बाजूवर भोवतालचे इलेक्ट्रॉन येऊन बसतात. फरक फार वाढला की ठिणगी पडते. पृथ्वीभोवती चुंबकीय वादळ उठले असेल तर हा भार हजारो व्होल्टपर्यंत चढतो. १९७५-७६ मध्ये आपल्या खेड्यांना दूरचित्रवाणी दाखवणाऱ्या ‘एटीएस-६’ उपग्रहावरही, तो पृथ्वीच्या सावलीत असताना, असा भार मोजला गेला होता.

म्हणूनच यान बांधणाऱ्याला आधी विचारावे लागते, की वादळ मोठ्यात मोठे किती असू शकते? उपग्रहांचे युग जेमतेम सात दशकांचे. त्याआधीचे उत्तर जगातल्या ज्या मोजक्या नोंदवह्यांत सापडते, त्यांतली एक मुंबईची. ती अखंड राहिली याचे मोठे श्रेय नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांचे.

मूस यांचा जन्म ऑक्टोबर १८५९ चा, मुंबईच्या पारशी घरातला. त्याच्या दोनच महिने आधी, २ सप्टेंबरला, मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीचे आडवे चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घसरल्याची नोंद झाली होती. युरोप-अमेरिकेतल्या तारयंत्रांतून ठिणग्या पाडणारे ते वादळ. एडिंबरो विद्यापीठात शिकून आलेले मूस १८९६ मध्ये याच वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले.

पदावर येऊन चार-पाच वर्षे होतात न होतात तोच मुंबईत घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या ट्राम येण्याचे ठरले. रुळांतून जमिनीत झिरपणारा प्रवाह नाजूक चुंबकसुईला हलवणार, आणि सूर्याने हलवले की ट्रामने, हे पुढे कुणालाच सांगता येणार नव्हते. शहराची ट्राम अडवणे शक्य नव्हते. मूस यांनी खाडीपलीकडचे अलिबाग निवडले. ट्रामच्या त्रासापासून लांब, पण जुन्या नोंदींशी मेळ बसेल इतके जवळ. (अलिबाग तेव्हा कुलाबा जिल्ह्याचे मुख्य ठाणे, वेधशाळा कुलाब्यातून कुलाब्यातच गेली म्हणायची.) इमारत पोरबंदरच्या दगडाची, लोखंड कटाक्षाने टाळलेली.

त्यांची खरी दूरदृष्टी मात्र दगडात दिसत नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे त्यांनी दोन्ही वेधशाळा एकाच वेळी चालवल्या. दोन जागांतला फरक नेमका कळल्याने जुनी वही आणि नवी वही एकच झाली. १९०७ मध्ये विजेची ट्राम धावू लागली, तेव्हा सुया सुरक्षित होत्या.

१९१० मध्ये त्यांनी १८४६ ते १९०५ या साठ वर्षांच्या नोंदी दोन जाडजूड खंडांत छापल्या. आकडे नुसते मांडून ते थांबले नाहीत. अनेक वादळे सुरुवातीच्या क्षणापासून तासातासाने जुळवून त्यांची सरासरी काढली, तेव्हा त्यांचा साचा दिसला: एकदम उसळी, मग मोठी घसरण, मग हळूहळू पूर्ववत. संगणक सोडाच, साधे गणनयंत्रही दुर्मीळ होते त्या काळातले हे काम.

१९१९ मध्ये मूस निवृत्त झाले. १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले. अलिबागची वेधशाळा आजही चालू आहे. ती चालवणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेची एक वेधशाळा नागपुरातही आहे. याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांसह २००३ मध्ये कुलाब्याची १८५९ ची नोंद नव्याने अभ्यासून प्रसिद्ध केली. अवकाशातल्या सर्वांत वाईट दिवसाचा अंदाज बांधताना आता तिचा आधार घेतला जातो.