संचालकांच्या हातून संघ घेणारा व्यवस्थापक

६ जानेवारी १९३४ रोजी लंडनच्या हायबरी मैदानावर आर्सेनल व शेफील्ड वेन्सडे या संघांचा सामना ठरल्याप्रमाणे झाला आणि बरोबरीत सुटला. त्याच दिवशी पहाटे आर्सेनलचे व्यवस्थापक हर्बर्ट चॅपमन न्युमोनियाने निवर्तले होते. नववर्षाच्या दिवशी उत्तरेतील बरी येथे ते एक सामना पाहावयास गेले, तेथून शेफील्डला जाऊन पुढच्या प्रतिस्पर्ध्यांचा खेळ त्यांनी निरखला, आणि अंगात कणकण असतानाही गिल्डफर्ड येथे आपल्याच तिसऱ्या संघाचा सामना पाहिला. वय अवघे ५५ होते.

भूमी, श्रम व भांडवल यांच्या जोडीला संयोजक हा उत्पादनाचा चौथा घटक, असे आम्ही वर्गात वर्षानुवर्षे सांगत आलो. पहिले तीन विद्यार्थ्यांना चटकन उमगतात. चौथा मात्र परीक्षेपुरता पाठ होतो. चॅपमन यांचे चरित्र या कामी कोणत्याही कारखानदाराच्या चरित्राहून अधिक उपयोगी पडावे. त्या काळच्या इंग्लंडमध्ये बहुतेक क्लबांचा संघ संचालक मंडळ निवडीत असे. व्यवस्थापक म्हणजे पत्रव्यवहार व हिशेब सांभाळणारा चिटणीस. मैदानाविषयीचे निर्णय मैदान जाणणाऱ्याने घ्यावेत, ही साधी गोष्ट तेथे मान्य व्हावयाची होती.

चॅपमन १८७८ मध्ये यॉर्कशायरमधील कायव्हटन पार्क या खाणगावी, कोळसा खाणीत राबणाऱ्या बापाच्या पोटी जन्मले. शेफील्डला ते खाण-अभियांत्रिकी शिकले. खेळाडू म्हणून त्यांची गणना सामान्यांतच. क्लब मात्र पुष्कळ बदलले. १९०७ मध्ये तळाशी रखडलेल्या नॉर्दम्प्टनची धुरा त्यांनी घेतली, आणि १९०९ मध्ये तो संघ सदर्न लीगचा विजेता ठरला.

पुढे लीड्स सिटीचा अध्याय येतो, आणि तो झाकून ठेवणे योग्य नव्हे. पहिल्या महायुद्धाच्या काळात या क्लबाने खेळाडूंना नियमबाह्य पैसे दिल्याचा आरोप झाला. क्लबाने हिशेबाच्या वह्या दाखविण्याचे नाकारले. १९१९ मध्ये क्लब मोडीत निघाला आणि खेळाडूंचा एका हॉटेलात चक्क लिलाव झाला. चॅपमन यांच्यावरही बंदी आली. युद्धकाळात ते दारूगोळ्याच्या कारखान्याचे व्यवस्थापन पाहत होते, या आधारावर ती पुढे उठली. तरीही, संस्थेतील प्रत्येक बारीकसारीक बाब आपल्या नजरेखाली असावी असा आग्रह धरणाऱ्या माणसाला तिच्या तिजोरीचे काहीच ठाऊक नव्हते, हे मानणे मला जड जाते.

१९२१ मध्ये ते हडर्सफील्ड टाउन या लोकरगिरण्यांच्या गावातील क्लबात आले. १९२२ चा एफ. ए. चषक, १९२४ व १९२५ ची लीग विजेतेपदे हे तेथील फळ. १९२५ मध्ये आर्सेनलच्या अध्यक्षांनी व्यवस्थापक हवा अशी जाहिरात दिली. खेळाडू विकत घेण्यावर भारी रकमा उधळणाऱ्यांनी अर्ज करू नये, असे तीत बजावले होते. त्या जागेवर आलेल्या चॅपमन यांनी १९२८ मध्ये डेव्हिड जॅक याच्यासाठी बोल्टनला दहा हजार पौंडांहून अधिक मोजले! त्या काळचा हा उच्चांक होता. त्याच जॅकला मिळू शकणारे कमाल वेतन मात्र नियमानुसार आठवड्याला ८ पौंड. श्रमाच्या किमतीवर कमाल मर्यादा आणि श्रमिकाच्या किमतीवर कोणतीच नाही, हा त्या व्यवस्थेतील अन्याय चॅपमन यांनी निर्माण केला नाही. त्याचा लाभ मात्र त्यांनी पुरेपूर घेतला.

१९२५ मध्येच ऑफसाइडचा नियम सैल झाला. चेंडू पुढे दिला जाताना आक्रमकापुढे तीनऐवजी दोनच प्रतिस्पर्धी पुरेसे ठरू लागले, आणि गोलांचा पाऊस पडू लागला. ऑक्टोबरात न्यूकॅसलने आर्सेनलचा ७-० असा फडशा पाडला. मधल्या खेळाडूला मागे ओढून तिसरा बचावपटू करावा, असे चार्ली बुकन हा कर्णधार सुचवीत आला होता. चॅपमन यांनी ती सूचना स्वीकारली, आणि पाच वर्षे खपून तिला साजेशी माणसे जमविली. १९३० मध्ये हडर्सफील्डलाच हरवून चषक, तर १९३१ व १९३३ मध्ये लीग आर्सेनलकडे आली. सदऱ्यांवर आकडे, प्रकाशझोतात सामने, मैदानावर मोठे घड्याळ अशा त्यांच्या कल्पनांपैकी काहींना फुटबॉल संघटनेने दीर्घकाळ अडविले. भुयारी रेल्वेने मात्र १९३२ मध्ये स्थानकाचे नाव बदलून आर्सेनल असे केले.

स्वभावात कठोरपणा होता. १९३३ मध्ये चषक स्पर्धेत वॉल्सॉल या खालच्या विभागातील संघाकडून आर्सेनल हरले, तेव्हा ज्या नवख्या खेळाडूकडून पेनल्टी दिली गेली त्याला आठवड्याभरात विकण्यात आले. अननुभवी मुलांना उतरविण्याचा निर्णय अर्थात चॅपमन यांचाच होता.

ते गेल्यानंतर १९२६ मध्ये हडर्सफील्डने सलग तिसऱ्यांदा लीग जिंकली होती. १९३४ व १९३५ मध्ये आर्सेनलनेही तसेच केले. १९३४ मध्ये व्यवस्थापकपदी आलेले जॉर्ज ॲलिसन हे संचालक मंडळातलेच. परंतु खेळाडूंची दैनंदिन तयारी त्यांनी जो शॉ व टॉम व्हिटेकर यांच्यावरच सोपविली. व्हिटेकर यांना प्रशिक्षक नेमले होते चॅपमन यांनी. १९४७ मध्ये ते स्वतः व्यवस्थापक झाले, १९४८ व १९५३ मध्ये त्यांनी लीग जिंकली, आणि १९५६ मध्ये तेही त्याच पदावर असताना वारले.