मॅडमन मंट्झ आणि त्याचा कटर

आपल्या बॅचचं कुठलंही जमणं असो, तासाभरानं मुलांचा एक घोळका बाजूला सरकतो आणि तिथं दोनच विषय चालतात: कोणाकडे कुठली गाडी, आणि तिच्यात कुठली म्युझिक सिस्टीम. (पंचेचाळिशीतल्या माणसांना मी अजून मुलं म्हणते, तेवढं बाई समजून घेतील.) डिकीत वूफर कसा बसवला, दाराचा पत्रा थरथरू नये म्हणून आतून काय चिकटवलं, जुन्या कॅसेटचा आवाज गोड होता की आताचा. त्या घोळक्यात मुली सहसा थांबत नाहीत, मी थांबते. म्हणून स्मरणिकेसाठी लेख मागितल्यावर मला आपल्या कॉलेजचे दिवस किंवा परदेशातला प्रवास सुचला नाही. त्या घोळक्याला आवडेल अशा एका माणसाची गोष्ट सुचली. त्याचं नाव अर्ल मंट्झ. अमेरिकेत त्याला मॅडमन मंट्झ, म्हणजे वेडा मंट्झ म्हणत, आणि हे नाव त्यानं स्वतःच जाहिरातीसाठी मिरवलं.

मंट्झचा जन्म ३ जानेवारी १९१४ चा. गाव एल्जिन, शिकागोच्या जवळ, तेव्हा घड्याळांच्या कारखान्यासाठी प्रसिद्ध. आईवडिलांचं हार्डवेअरचं दुकान होतं, त्यामुळे खिळे, तारा, पक्कड हीच खेळणी. आठव्या वर्षी त्यानं रेडिओ जोडला आणि चौदाव्या वर्षी आईवडिलांच्या मोटारीत रेडिओ बसवला. हे साल साधारण १९२८. तेव्हा गाडीत रेडिओ असणं ही सरसकट गोष्ट नव्हती. इंजिनातल्या प्रत्येक ठिणगीची खरखर रेडिओत ऐकू यायची, व्हॉल्व्हना लागणारी वीज बॅटरीतून कशी काढायची हा प्रश्न असायचा, आणि खड्ड्यातून गाडी गेली की सांधे निखळायचे. मोटोरोलाचा गाजलेला कार रेडिओ बाजारात आला तो १९३० मध्ये. चौदा वर्षांच्या पोरानं त्याआधी घरच्या गाडीत हे जमवलं होतं.

पंधराव्या वर्षी त्याची शाळा सुटली. जागतिक मंदीचा काळ होता, दुकानात हात हवा होता. पुढे तो कधी वर्गात बसला नाही. विसाव्या वर्षी, १९३४ मध्ये, त्यानं एल्जिनमध्ये जुन्या गाड्या विकायला सुरुवात केली. कायद्यानं अजून सज्ञान नव्हता, त्यामुळे विक्रीच्या कागदांवर आईला सह्या कराव्या लागत.

कॅलिफोर्नियात जुन्या गाड्यांना जास्त भाव मिळतो हे लक्षात आल्यावर १९४१ मध्ये तो लॉस एंजेलिसजवळच्या ग्लेनडेलला गेला. तिथे त्याला आशियातल्या श्रीमंत गिऱ्हाइकांसाठी बनवलेल्या, युद्धामुळे जहाजावर न चढलेल्या तेरा गाड्या मिळाल्या. स्टिअरिंग उजवीकडे, म्हणजे अमेरिकेत अडचणीच्याच; पण त्यानं त्या खपवल्या. मग रेडिओवर आणि रस्त्याकडेच्या फलकांवर त्याच्या जाहिराती सुरू झाल्या. डोक्यावर नेपोलियनची टोपी, अंगात लाल रंगाची लांब बंडी-चड्डी, आणि दावा असा की याला गाड्या फुकटच वाटायच्या आहेत, पण बायको परवानगी देत नाही. आज संध्याकाळपर्यंत अमुक गाडी विकली गेली नाही तर ती घणानं फोडीन, असंही तो जाहीर करायचा. रेडिओवरचे विनोदी नट त्याच्यावर विनोद करायचे आणि त्याची जाहिरात आणखी व्हायची. युद्धानंतर त्यानं नव्या कैसर-फ्रेझर गाड्यांची एजन्सी घेतली आणि १९४७ मध्ये सात कोटी वीस लाख डॉलरची विक्री केली.

इथपर्यंत हा एक बडबड्या सेल्समन वाटतो. इंजिनिअर लोकांना तो माहीत आहे तो पुढच्या भागासाठी.

युद्ध संपताच अमेरिकेत टीव्ही घराघरात शिरू लागला. मोठ्या कंपन्यांच्या सेटमध्ये सुमारे तीस व्हॉल्व्ह असत आणि सेट महाग असे. मंट्झनं सेट उघडले आणि यातलं काय नसलं तरी चालेल, हे शोधायला सुरुवात केली. त्याच्या वरच्या खिशात कायम एक छोटा वायर कटर असायचा. तो इंजिनिअरच्या टेबलापाशी जाऊन चालू सेटमधला एक भाग कापून टाकायचा. चित्र तसंच राहिलं की दुसरा कापायचा, मग तिसरा. चित्र किंवा आवाज गेला की शेवटचा कापलेला भाग परत जोडायला सांगून पुढच्या टेबलाकडे वळायचा. असं करत त्याचा सेट सतरा व्हॉल्व्हवर आला. शंभर डॉलरच्या आत टीव्ही विकणारा तो पहिला. ज्यांनी टीव्हीचं स्वप्नही पाहिलं नसतं अशा घरांत त्याचे सेट गेले. या पद्धतीला इलेक्ट्रॉनिक्समध्ये आजही त्याच्या नावावरून मंट्झिंग म्हणतात.

सॉफ्टवेअरमध्ये वीसेक वर्षं काढल्यावर मला हा कटर फार जवळचा वाटतो. आमच्याकडे कोणी तरी कधी तरी लिहिलेला, कशासाठी ते कोणालाच न आठवणारा कोड साठत जातो. तो काढून टाकणं हे नवा लिहिण्याइतकंच कसबाचं काम आहे, आणि मला ते आवडतं.

पण मंट्झच्या सेटची दुसरी बाजूही खरी आहे. मोठ्या कंपन्यांनी ते जादा भाग हौसेखातर घातले नव्हते. त्यातले बरेचसे दूरवरून येणारा क्षीण सिग्नल वाढवायला आणि स्थिर ठेवायला होते. मंट्झची कापाकापी चालायची ती शहरात, जिथे टीव्ही केंद्राचा मनोरा जवळ आणि सिग्नल दणदणीत. तिथे ते भाग काढले तरी चित्रात फरक पडत नसे. तोच सेट लांबच्या गावात नेला की चित्र विस्कटायचं. मंट्झला हे पक्कं ठाऊक होतं. त्यानं आपलं गिऱ्हाईक शहरातलं ठरवलं होतं आणि सेट तिथेच विकले. म्हणजे त्यानं फसवलं कोणाला नाही. तरीही कटर चालवताना आपण कुठे उभे आहोत, यावर काय जादा आणि काय गरजेचं हे ठरतं, एवढं त्यातून मला समजलं.

काही वर्षांपूर्वी आमच्या टीमपुढे असाच प्रश्न आला होता. मोबाइलची रेंज गेली तर भरलेली माहिती फोनमध्येच जपून ठेवायची आणि रेंज आल्यावर पुढे पाठवायची, असा एक भाग ॲपमध्ये होता. पुण्याच्या ऑफिसात त्याची गरज कोणालाच पडत नव्हती, म्हणून तो काढायचं चाललं होतं. दिवाळीला गावी आले तेव्हा मी तो भाग बंद केलेलं ॲप बरोबर आणलं आणि एसटी स्टँडपासून आपल्या शाळेमागच्या टेकडीपर्यंत चालत वापरून पाहिलं. पाच फॉर्म भरले, दोन पोहोचले. तो भाग ॲपमध्ये आजही आहे.

मंट्झकडे वळते. गंमत म्हणजे टीव्हीतला प्रत्येक जादा भाग कापणाऱ्या या माणसानं स्वतःची मोटार काढली तेव्हा हात अजिबात आखडला नाही. रेसिंगच्या गाड्या बनवणाऱ्या फ्रँक कर्टिसकडून त्यानं एका स्पोर्ट्‌स कारचं डिझाइन विकत घेतलं, ती लांबवून चार माणसांची केली आणि मंट्झ जेट नावानं आणली. आधी कॅडिलॅकचं आणि पुढे लिंकनचं व्ही-एट इंजिन, गादी लावलेला डॅशबोर्ड, सीट बेल्ट, काही गाड्यांत तर मागच्या सीटच्या हातांमध्ये दारूचं छोटं कपाट. गाडी देखणी आणि वेगवान होती. प्रत्येक गाडीमागे त्याला सुमारे हजार डॉलरचा तोटा व्हायचा. काहीशे गाड्या निघाल्यावर १९५४ मध्ये तो उद्योग थांबला. त्याच वर्षी टीव्हीची कंपनीही दिवाळखोरीत गेली.

चाळिशीत सगळं गमावलेला मंट्झ पुन्हा लहानपणीच्या प्रश्नाकडे आला: गाडीत चांगला आवाज कसा आणायचा? रेडिओ होता, पण त्यावर स्टेशन लावेल तेच ऐकायचं. क्रायस्लरनं १९५६ मध्ये गाडीत चक्क रेकॉर्ड प्लेअर देऊन पाहिला होता, पण सुई आणि खड्डे यांचं जमणं कठीण. रेडिओ केंद्रांवर जाहिराती वाजवायला जॉर्ज ईशची फिडेलिपॅक नावाची टेप कार्ट्रिज वापरत. तिच्यात एकच रीळ; टेप मधून बाहेर ओढली जाते आणि बाहेरच्या बाजूला परत गुंडाळली जाते, त्यामुळे ती संपतच नाही, उलटी गुंडाळावी लागत नाही. ड्रायव्हरनं एका हातानं खाचेत सरकवली की झालं. मंट्झनं त्या टेपवर चार ट्रॅक घातले, म्हणजे स्टिरिओचे दोन कार्यक्रम, आणि १९६२ च्या सुमारास स्टिरिओ-पॅक नावानं गाडीचा प्लेअर बाजारात आणला. एका कार्यक्रमावरून दुसऱ्यावर जायला दांडा सरकवायचा. आपल्या पसंतीचं गाणं, दोन्ही बाजूंनी वेगळं ऐकू येणारं, चालत्या गाडीत! कॅलिफोर्नियात त्याची लाट आली.

तेव्हा विल्यम लिअर हा विमानं बनवणारा उद्योजक मंट्झचे प्लेअर आपल्या लिअरजेटमध्ये बसवत होता. त्यानं ती कल्पना सुधारायला घेतली. त्याच रुंदीच्या टेपवर चारऐवजी आठ ट्रॅक घातले, टेप ओढणारं रबरी चाक कार्ट्रिजमध्येच दिलं आणि ट्रॅक आपोआप बदलेल असं केलं. वाजण्याचा वेळ दुप्पट झाला. पण प्रत्येक ट्रॅक अरुंद झाला, त्यामुळे टेपची सरसर वाढली, आणि ट्रॅक बदलताना कधी कधी गाणं मध्येच तुटायचं. कान चोखंदळ असलेल्यांना मंट्झचे चार ट्रॅकच बरे वाटत. पण फोर्डनं १९६६ च्या मॉडेलांत लिअरचा प्लेअर द्यायला सुरुवात केली, आरसीएनं गाण्यांच्या कार्ट्रिज काढल्या, आणि निकाल लागला. १९७० पर्यंत मंट्झचा हा धंदाही बंद झाला. पुढे आठ ट्रॅकवालेही फिलिप्सच्या छोट्या कॅसेटपुढे टिकले नाहीत. आपल्या वडाप जीपमध्ये दिवसभर वाजायची ती हीच कॅसेट.

मंट्झ तरीही थांबला नाही. मोठ्या पडद्याचे प्रोजेक्शन टीव्ही, व्हिडिओ रेकॉर्डर, आणि अगदी शेवटी मोबाइल फोन. सत्तरी ओलांडलेला हा माणूस लॉस एंजेलिसमध्ये तेव्हा नवलाईचे असलेले सेल फोन विकत होता. सात लग्नं झाली, एका मुलीला लाडानं टी व्ही अशी हाक होती. २१ जून १९८७ रोजी कॅन्सरनं तो गेला. तोवर गाडीतला स्टिरिओ इतका नेहमीचा झाला होता, की तो आधी कोणी आणला हे विचारायची कोणाला गरज वाटत नव्हती.

ही गोष्ट आपल्या स्मरणिकेत मला यावीशी वाटली याचं एक कारण घोळका, आणि दुसरं त्याची पंधराव्या वर्षी सुटलेली शाळा. आपल्या मेळाव्याची यादी दहावीच्या निकालावरून केलेली आहे. समितीला वेळ कमी होता, तो कागद हाताशी होता, आणि फोन लावून पाहिले तेव्हा सगळे मिळाले. त्यामुळे यादी पूर्ण वाटली. पण आठवीत आपल्याबरोबर असलेले आणि त्या कागदावर नसलेले किती तरी जण आहेत. कोणी बापाच्या गॅरेजवर गेलं, कोणी उसाच्या टोळीबरोबर, दोघीतिघींची लग्नं झाली. शाळेतला बिघडलेला लाउडस्पीकर पंधरा ऑगस्टच्या आदल्या संध्याकाळी सुरू करून देणारा मुलगाही त्यांच्यातलाच. गाडी आणि आवाज या दोन्हींतलं आपल्या घोळक्यात कोणालाही नसेल एवढं त्याला कळत होतं.

सरांकडे आठवीची मस्टर अजून जपलेली आहेत, मी चौकशी केली आहे. पुढच्या वेळची यादी आपण त्यावरून करू. फोन लावण्याचं काम माझ्याकडे द्या. कोणाकडे कोणाचा पत्ता असेल तर मला कळवा.