फुटलेल्या काचा आणि नवा खेळ

मुलांनो, शाळेच्या पटांगणात फुटबॉल खेळताना कधी खिडकीची काच फुटली आहे का? आपल्या माण गावात आता मोकळी जागा थोडीच उरली आहे. एकीकडे कंपन्यांच्या भिंती, दुसरीकडे नव्या इमारती. चेंडू जरा जोरात मारला की तो कुणाच्या तरी घरात जातो. मग तक्रार येते आणि खेळ बंद होतो. मी शाळेत शिकत असताना आमचा चेंडू असाच कपाटात गेला होता. तो वर्ष संपेपर्यंत बाहेर आला नाही!

सव्वाशे वर्षांपूर्वी डेन्मार्क देशातील एका शाळेतही असेच घडले. पण त्या शाळेत होल्गर नील्सन नावाचे शिक्षक होते. त्यांची ही गोष्ट आहे.

डेन्मार्क हा युरोपच्या उत्तरेकडील एक छोटा देश. तेथे १८ डिसेंबर १८६६ रोजी नील्सन यांचा जन्म झाला. पुढे ते सैन्यात अधिकारी झाले. त्यांना एकाच खेळाने कधी समाधान वाटले नाही. ते तलवारबाजी करत, पिस्तुलाने नेम धरत, थाळीफेकही करत.

१८९६ साली ग्रीस देशातील अथेन्स शहरात पहिले आधुनिक ऑलिंपिक सामने भरले. डेन्मार्कहून फक्त तीन खेळाडू गेले. त्यांत नील्सन होते. पिस्तुलाच्या एका स्पर्धेत त्यांचा दुसरा क्रमांक आला. दुसऱ्या एका स्पर्धेत तिसरा आला. तलवारबाजीतही ते तिसरे आले. थाळीफेकीत मात्र त्यांना यश मिळाले नाही. तुम्हांला वाटेल, म्हणजे तीन पदके मिळाली! पण त्या वेळी पहिल्याला चांदीचे आणि दुसऱ्याला त्याहून हलक्या धातूचे पदक देत. तिसऱ्याला काहीच मिळत नसे. आज याद्यांमध्ये त्यांच्या नावापुढे तीन पदके लिहितात, ती नंतरची पद्धत आहे.

ते कोपनहेगन शहराजवळच्या ऑर्ड्रुप येथील शाळेत व्यायाम शिकवत. तेथील मुले फुटबॉलची वेडी होती. पटांगण मात्र लहान होते. चेंडू खिडक्यांवर जाई आणि काचा फुटत. शेवटी शाळेने पटांगणात फुटबॉल खेळण्यास बंदी केली, असे सांगतात.

आता नील्सन सरांनी काय करावे? मुलांना रागावून गप्प बसवणे सोपे होते. बंदी मोडणेही बरोबर नव्हते. त्यांनी नीट विचार केला. काच कशाने फुटते? पायाने मारलेला चेंडू कोठे जाईल याचा नेम नसतो. हाताने फेकलेला चेंडू बराच ताब्यात राहतो. मग त्यांनी मुलांच्या हाती लहान चेंडू दिला. पायाने मारायचे नाही, हाताने झेलायचे, सोबत्याकडे फेकायचे आणि गोल करायचा. हे १८९८ साल होते. फुटबॉलचा गोल तसाच राहिला, गोलरक्षकही राहिला, फक्त पायाचे काम हाताकडे आले. १९०६ साली नील्सन यांनी या खेळाचे नियम छापले. त्या भाषेत खेळाचे नाव होते हॉन्डबोल्ड. आपण त्याला हँडबॉल म्हणतो.

आजच्या हँडबॉलमध्ये प्रत्येक संघात सात खेळाडू असतात. मैदान ४० मीटर लांब आणि २० मीटर रुंद असते. चेंडू हातात धरून तीनपेक्षा जास्त पावले टाकता येत नाहीत. तो तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ धरूनही ठेवता येत नाही. गोलासमोर सहा मीटरची रेषा असते. तिच्या आत फक्त गोलरक्षकाने उभे राहायचे.

जर्मनीतही काही शिक्षकांनी हँडबॉलचा एक प्रकार तयार केला. त्यात फुटबॉलसारखे मोठे मैदान आणि अकरा खेळाडू असत. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये तो प्रकार खेळला गेला. त्याच वेळी आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या खेळाडूंनी बर्लिनमध्ये कबड्डी करून दाखवली होती. हे वाचले की मला फार आनंद होतो.

नील्सन यांचे आणखी एक मोठे काम खेळाबाहेरचे आहे. आपल्याकडे दर पावसाळ्यात कुणीतरी नदीत किंवा विहिरीत बुडाल्याची बातमी येते. बुडालेल्या माणसाला बाहेर काढले, तरी त्याचा श्वास थांबलेला असतो. १९३२ साली, वयाच्या पासष्टाव्या वर्षी, नील्सन यांनी श्वास पुन्हा सुरू करण्याची एक रीत सांगितली. माणसाला पालथे निजवायचे. त्याच्या डोक्याजवळ गुडघे टेकून बसायचे. पाठीवर दाब द्यायचा, म्हणजे आतली हवा बाहेर जाते. मग त्याचे कोपर धरून हात वर ओढायचे, म्हणजे छाती फुगते आणि हवा आत येते. व्यायाम शिकवणाऱ्या माणसाला छाती कशी फुगते हे चांगलेच ठाऊक होते! ही रीत अनेक देशांत शिकवली गेली. १९५० नंतरच्या काही वर्षांत तोंडाने श्वास देण्याची पद्धत पुढे आली आणि ही रीत मागे पडली. म्हणून आज तुम्ही प्रथमोपचार शिकाल ते नव्या पद्धतीनेच शिका.

२६ जानेवारी १९५५ रोजी नील्सन यांचे निधन झाले. आपल्याकडे तो प्रजासत्ताक दिन होता. सात खेळाडूंचा, छपराखाली खेळायचा हँडबॉल १९७२ साली म्युनिक ऑलिंपिकमध्ये आला. १९७६ साली माँट्रियल येथे मुलींचे संघही उतरले.