प्रश्नांनी बांधलेली सभा

रात्री कीर्तन असले की गाडगेबाबा दिवसाच गावात येत आणि कोणालाही न विचारता खराटा घेऊन रस्ते झाडू लागत. अंगावर ठिगळांचे वस्त्र, हाती मडक्याचे खापर, एका कानात कवडी आणि दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. अशा विक्षिप्त दिसणाऱ्या माणसाभोवती आधी पोरे जमत, मग थोरांची पावले थबकत. काही जण ओशाळून का होईना, स्वतःही झाडू उचलत. दिवसभर गटारे उपसणारा हाच माणूस रात्री कीर्तनाला उभा राहिला की समोरचा समुदाय निम्मा जिंकलेलाच असे.

२३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे एका परीट कुटुंबात डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म झाला. वडील दारूपायी अकाली गेले. मायलेकांना मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे येथे मामांच्या घरी आश्रय मिळाला. तेथे डेबूने गुरे राखली, नांगर धरला. शाळेचे तोंड मात्र कधी पाहिले नाही. मामांची जमीन सावकाराच्या घशात गेलेली त्याने डोळ्यांनी पाहिली. पुढे मुलीच्या बारशाला जातीच्या रिवाजाप्रमाणे मटण व दारू न देता त्याने गोडाचे जेवण वाढले, तेव्हा भाऊबंद खवळले. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्याने घर सोडले. दारू, कर्ज आणि देवापुढची पशुहत्या हे बाबांच्या कीर्तनाचे कायमचे विषय असे आयुष्यातूनच आले होते.

नारदीय कीर्तनातील पूर्वरंग-उत्तररंगाची रचना त्यांनी घेतली नाही. संस्कृत श्लोक त्यांना येत नव्हते आणि आख्यान लावून सांगण्याचाही सोस नव्हता. तुकोबा आणि कबीर तोंडपाठ, भाषा अस्सल वऱ्हाडी आणि मुख्य साधन प्रश्न. कर्ज किती काढले, फेडले किती, असे ते समोरच्यालाच विचारत. देवापुढे नैवेद्य ठेवल्यावर कुत्र्याला हाकलायला माणूस का बसवावा लागतो, असाही त्यांचा सवाल असे. प्रश्न टाकून ते पुढे धावत नसत. उत्तर येईपर्यंत थांबत. एकाने उत्तर दिले की सगळ्यांकडून ते वदवून घेत. ऐकणारा असा बोलणारा झाला की त्याला डुलकी कशी लागणार? हशा पिकला की त्याच ओघात बोचरा सवाल येई आणि हसणारा मनुष्य स्वतःवरच हसत असल्याचे त्याच्या ध्यानात येई. मांडणी ताणली जाते असे वाटताच देवकीनंदनाच्या नामाचा गजर. हा गजर निव्वळ भक्तीचा नव्हता, तो विसावाही होता. सभा जिंकण्यात स्वतः वाकबगार असलेले आचार्य अत्रेही या कीर्तनाचे चाहते होते.

कीर्तन संपताच बाबा निघून जात. पायांवर डोके ठेवायला आलेल्यांना ते सापडत नसत. लोकांनी दिलेल्या पैशांतून धर्मशाळा उभ्या राहिल्या, घाट बांधले गेले, अन्नछत्रे चालली. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली. झोळीतला पैसा स्वतःसाठी वळत नाही, याची खात्री असल्यामुळेच त्यांचे झोंबणारे बोल लोक निमूट ऐकून घेत असावेत. नुसत्या वाक्चातुर्यावर अशी सभा वर्षानुवर्षे टिकत नाही.

१९२३ मध्ये कोकणात खारेपाटण येथे कीर्तन चालू असताना एकुलता मुलगा गोविंद गेल्याची वार्ता आली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. क्षणभर थांबून त्यांनी कीर्तन पुढे नेले. या प्रसंगाचे गौरवाने वर्णन होते; घरी कुंताबाईंवर काय गुदरले असेल, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत बांद्रा पोलीस ठाण्यात झालेले कीर्तन त्यांचे अखेरचे मानले जाते. त्याचे ध्वनिमुद्रण झाल्याने तो खडा आवाज आजही ऐकता येतो. ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. त्यानंतर चौदा दिवसांनी, २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे जाताना वलगावजवळ पेढी नदीच्या पुलापाशी मोटारीतच गाडगेबाबांची प्राणज्योत मालवली.