वाघोलीचे रामेश्वरभट्ट

तुकोबारायांच्या चरित्रात रामेश्वरभट्टांचे नाव निघाले की श्रोते जरा सावरून बसतात. आता कोणी दुष्ट येणार आणि देव त्याचे पारिपत्य करणार, अशी त्यांची अपेक्षा असते. कीर्तनकार मंडळीही ती पुरवितात. भट्टांच्या कपाळी चार आठ्या काढतात आणि मोकळी होतात. आम्हांस हे पटत नाही. आमचे बालपण पाठशाळेत गेले, रूपावली आणि अमरकोश घोकण्यात गेले. विद्येने माणूस कसा ताठतो हे आम्ही जवळून पाहिले आहे. तो ताठा दुष्टपणाहून निराळा असतो, आणि सुटायलाही अवघड असतो.

रामेश्वरभट्टांचे घराणे मूळचे कर्नाटकातील बदामीकडचे, असे चरित्रकार सांगतात. पुण्याजवळ वाघोलीस त्यांचे वास्तव्य. वेदशास्त्रसंपन्न, आचारनिष्ठ, पंचक्रोशीत शब्दाला मान. अशा पुरुषाच्या कानी आले की देहूचा एक वाणी प्राकृतात अभंग करतो, त्यांत श्रुतीचा अर्थ सांगतो, आणि ब्राह्मणसुद्धा त्याच्या पाया पडतात. त्यांच्या शास्त्राप्रमाणे हा अधिकाराचा प्रश्न होता. त्यांनी अंमलदाराकडे गाऱ्हाणे नेले. पुढे तुकोबा स्वतःच वाघोलीस गेले. तेव्हा भट्टांनी सांगितले की अभंग रचणे बंद करा, आणि जे लिहिले ते इंद्रायणीत बुडवा. तुकोबांनी वाद घातला नाही. वह्या बांधल्या, वर दगड ठेवला आणि डोहात सोडल्या.

मग ते शिळेवर जाऊन बसले. तेरा दिवस अन्न नाही, पाणी नाही. या तेरा दिवसांचा उल्लेख तुकोबांच्या अभंगांत आहे, त्यांच्या शिष्या बहिणाबाईंनीही केला आहे. वह्या कोरड्या वर आल्या ही कथा आपणा सर्वांस पाठ आहे, तेव्हा ती येथे लांबवीत नाही. आम्हांला सांगायचे आहे ते वाघोलीच्या बाजूचे.

ताहराबादचे महिपतीबुवा शके १६९६ च्या भक्तलीलामृतात ही हकीकत देतात. रामेश्वरभट्ट पुण्यास नागनाथाच्या दर्शनाला निघाले. वाटेत अनगडशहा फकिराच्या जागेतील पाण्यात त्यांनी स्नान केले, फकिराचा शब्द लागला, आणि अंगाचा असा दाह सुरू झाला की ओली वस्त्रे पांघरूनही शमेना. औषध झाले, उपाय झाले, सगळं झालं. पण आग काही जाईना! तेव्हा ते आळंदीस ज्ञानेश्वर माउलींच्या समाधीशी अनुष्ठानाला बसले.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. भट्ट आळंदीस गेले ते देह निवावा म्हणून. तुकोबांची क्षमा मागावी हे तोवर त्यांच्या मनातही नव्हते. आणि गेले कोणाकडे? ज्यांना संन्याशाची पोरे म्हणून ब्रह्मवृंदाने दूर लोटले, ज्यांनी गीता प्राकृतात आणली, त्यांच्याच दारी! इंद्रायणीही तीच. वरच्या अंगाला देहूत तुकोबांच्या वह्या बुडाल्या, आणि खाली आळंदीत त्याच प्रवाहाकाठी बुडवायला लावणारा पंडित तळमळत बसला. देव माणसाला बोलावतो तो कधी अशा आडवाटेने. दुखणे हेच त्याचे आमंत्रण असते, पण आपण वैद्य शोधीत राहतो.

माउलींनी स्वप्नात येऊन त्यांना सविस्तर सांगितले. तुका हा नामदेवरायांचा अवतार, आम्हांस अत्यंत प्रिय. त्याचा द्वेष अंतरी धरलास म्हणून ही व्यथा. त्यालाच शरण जा. हे आमच्या पदरचे नव्हे, भट्टांनी आपल्या अभंगात स्वतः लिहून ठेवले आहे. आपल्या मनातील द्वेषामुळे शरीराला पीडा झाली, हे त्यांनी आडपडदा न ठेवता कबूल केले. पंडिताला एक वेळ प्राण देता येईल हो, पण ज्याला अनधिकारी ठरविले त्याच्यापुढे, तेही सगळ्या पंचक्रोशीदेखत, आपले चुकले असे म्हणणे! तेही ज्या प्राकृताचा निषेध केला त्याच भाषेत, त्याच अभंगछंदात!

वह्या तरल्याचे वर्तमान तोवर आळंदीस आले होते. भट्टांनी शिष्याच्या हाती देहूस पत्र धाडले. तुकोबांनी उलट एक अभंग लिहून पाठविला. त्यात दोषाचा उच्चार नाही, उपकाराचे ओझे नाही. मन निर्मळ असले की वैरीदेखील मित्र होतात, विषाचे अमृत होते, आगही शीतळ होते, एवढाच त्याचा आशय. तो वाचताच दाह निवाला, असे महिपतीबुवा लिहितात.

दाह निवाल्यावर पुष्कळ जण घरी जातात. नवस फेडला, नारळ फोडला, संपलं. हे गृहस्थ गेले नाहीत. ते देहूस आले आणि तुकोबांच्या कीर्तनात टाळ घेऊन मागे उभे राहिले. चौदा टाळकऱ्यांत संप्रदाय त्यांची गणना करतो. विद्या त्यांनी टाकली नाही; तिच्यावरचा हक्क तेवढा सोडला.

आणि वेळही फार नव्हता. शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेस, म्हणजे इसवी सन १६५० मध्ये, तुकोबा वैकुंठास गेले. चाळिशी नुकती ओलांडली होती त्यांनी. भट्ट आळंदीसच तपश्चर्येच्या अभिमानात बसून राहिले असते, चातुर्मास संपू दे मग पाहू म्हणाले असते, तर पुढे देहूस जाऊन कोणाचे पाय धरले असते? शिळा तेवढी सापडली असती.

तुकोबांची जी आरती आपण कीर्तनानंतर म्हणतो, ती याच रामेश्वरभट्टांची रचना. तराजूच्या एका पारड्यात तुकोबा आणि दुसऱ्यात परब्रह्म घालून त्यांनी तोल पाहिला आहे, आणि शेवटी आपले नाव घालून त्या चरणांवर मस्तक ठेवले आहे. आषाढीस वाळवंटात, फडाफडांतून, ज्यांना त्यांचे गाव ठाऊक नाही असेही लोक ते कडवे टाळीवर म्हणतात.